फर्स्ट क्लास आहे पण "कामाला तयार नाहीस" म्हणाले, आता काय करू?

पत्र थोडं छोटं करून देतेय, बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून:

"ताई, माझी स्टॅटिस्टिक्सची डिग्री झाली, फर्स्ट क्लास आहे. ८ महिने अप्लाय करतेय, ४० च्या वर ठिकाणी झालं, इंटरव्ह्यू आले फक्त ३. दोन ठिकाणी अनुभव नाही म्हणून विषयच संपला. तिसरीकडे त्यांनी एक फाइल दिली, साधारण ६,००० ओळींची, नि म्हणाले जुने कस्टमर परत यायचे कमी झालेत, का ते बघून २ तासांत सांग. मी पहिला पाऊण तास आकड्यांवर कुठली स्टॅटिस्टिकल टेस्ट लावायची याच विचारात घालवला, मग तारखांचा कॉलम नीट वाचलाच जाईना, मग घाबरले, शेवटी एक रिग्रेशन (आकड्यांचा एकमेकांशी संबंध मोजायची पद्धत) चालवून दिलं. ते म्हणाले थिअरी छान आहे पण तू अजून कामाला तयार नाहीस. आता घरचे म्हणतात ६ महिन्यांचा जॉब-रेडी कोर्स कर, १०० टक्के प्लेसमेंट आहे, बाबा पैसे भरायला तयार आहेत. मला रडूच येतं, इतकी वर्षं मी काय शिकले मग? आणि नोकरीच नाही तर अनुभव आणायचा कुठून? — फर्स्ट क्लास, पण घरीच"

अगं फर्स्ट क्लास, तुझं पत्र मी दोनदा वाचलं नि दोन्ही वेळा त्या फाइलपाशीच थांबले. बाकीचं म्हणजे ४० अर्ज, अनुभव नाही, कोर्स करू का, हे मला येणाऱ्या दर दुसऱ्या पत्रात असतं, पण तू त्या २ तासांचा हिशोब इतका प्रामाणिकपणे लिहिलायस की घोडं नक्की कुठे पेंड खातंय ते स्पष्ट दिसतंय. बहुतेक जण "टेस्ट अवघड होती" एवढंच लिहितात नि मग मला अंदाज बांधत बसावं लागतं.

कॉलेजात प्रश्न कसा यायचा आठव जरा. खालील दोन गटांच्या सरासरीत फरक आहे का ते ५ टक्के पातळीवर तपासा. म्हणजे गट कुठले ते कोणीतरी आधीच ठरवलेलं, आकडे धुऊन पुसून ठेवलेले, आणि कुठली टेस्ट ते धड्याच्या नावावरूनच कळायचं, टी-टेस्टच्या धड्याखाली काय-स्क्वेअरचं गणित कोण देतंय. ऑफिसात जे येतं ना ते बऱ्याचदा प्रश्न म्हणून येतच नाही, तक्रार म्हणून येतं. "जुने कस्टमर कमी झालेत." बरं, जुना म्हणजे कोण? एकदा घेऊन गेलेला की तीनदा? कमी म्हणजे कशापेक्षा, मागच्या महिन्यापेक्षा की मागच्या वर्षीच्या ह्याच महिन्यापेक्षा? आणि मुळात कमी झालेत तरी का, का मधेच कस्टमर नंबर द्यायची पद्धत बदलली नि तोच माणूस नवीन नंबराने परत आला? हे शेवटचं मी गंमत म्हणून लिहीत नाहीये, असं होतं, आणि अशा वेळी अख्खी टीम चार दिवस "कस्टमर का गेले" ह्यावर डोकं फोडत असते जेव्हा कोणी कुठे गेलेलंच नसतं.

तर त्या पाऊण तासात तू टेस्ट शोधत होतीस तेव्हा टेस्ट लावायला प्रश्नच तयार नव्हता. तो तयार करणं हेच तुझं पहिलं काम होतं आणि ते तुझं काम आहे हे तुला कधी कोणी सांगितलंच नाही. मला तरी ह्या ग्रॅज्युएट नि कंपन्यांमधल्या गॅपबद्दल इतक्या वर्षांत जे काही कळलंय ते साधारण एवढंच आहे, लोक सॉफ्टवेअरची नावं घेतात, हे येत नाही ते येत नाही, पण सॉफ्टवेअर माणूस महिन्या-दोन महिन्यांत कामापुरतं शिकतो. मळका प्रश्न हातात आल्यावर गोंधळून न जाणं ह्याला वेळ लागतो, आणि ते मळक्या प्रश्नांवरच शिकता येतं.

आता तारखांचं. तू लिहिलंयस कॉलम "नीट वाचला जाईना". मी पैजेवर सांगते काय झालं असेल. फाइलमध्ये तारखा दिवस-महिना-वर्ष अशा होत्या आणि तुझं कॉम्प्युटर महिना-दिवस-वर्ष समजत होतं. अशा वेळी १३ तारखेपासून पुढच्या तारखा एक्सेलला कळतच नाहीत, १३ वा महिना नसतो ना, म्हणून त्या नुसता मजकूर म्हणून डावीकडे चिकटून बसतात, आणि तुला वाटतं प्रॉब्लेम त्यांच्यात आहे. खरा प्रॉब्लेम १ ते १२ वाल्या तारखांत असतो, कारण त्या गुपचूप उलट्या होऊन बसलेल्या असतात, ३ एप्रिलचं ४ मार्च झालेलं असतं आणि दिसायला एकदम व्यवस्थित. बोंब मारणारी चूक परवडली, ही गप्प बसणारी नाही परवडत.

नि ह्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मोठमोठे शास्त्रज्ञ ह्यात अडकलेत. माणसाच्या जनुकांना अधिकृत नावं देणारी एक समिती आहे, तिला २०२० च्या सुमारास २७ जनुकांची नावं बदलावी लागली, कारण मार्च-१, सेप्ट-१ अशी नावं दिसली की एक्सेल त्यांची तारीख करून टाकायचं नि तसेच पेपर छापून यायचे. म्हणजे बघ, एक्सेलला समजावणं जमेना म्हणून शेवटी जनुकांचं बारसं परत केलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडच्या जवळपास १६,००० पॉझिटिव्ह केसेस मोजणीतून गळाल्या, कारण जुन्या एक्सेल फॉरमॅटमध्ये ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत आणि त्यापुढच्या ओळी कापल्या जातायत हे वेळेत कोणाच्या लक्षात आलं नाही. किती ओळी आत गेल्या नि किती बाहेर आल्या, एवढं मोजलं असतं तरी दिसलं असतं.

ओळी मोजणं हा माझा जुना हळवा विषय आहे, त्याची पण गोष्ट सांगते. माझी पहिली नोकरी, तिसरा महिना, साहेबांनी सांगितलं की विभागवार विक्रीचा आकडा काढून दे, दुपारी मीटिंग आहे. एका टेबलात विक्री होती, दुसऱ्यात कस्टमरचा पत्ता, मी दोन्ही जोडले, बेरीज केली, सुंदर रंगीत चार्ट केला. साहेब मीटिंगला गेले नि २० मिनिटांत लालबुंद होऊन परत. आकडा कंपनीच्या एकूण विक्रीपेक्षा मोठा निघाला होता! झालं काय होतं, काही कस्टमरचे दोन-दोन पत्ते होते, त्यामुळे जोडल्यावर त्यांची प्रत्येक विक्री दोनदा मोजली गेली. असं टेबलं जोडणं, म्हणजे जॉइन, मला कॉलेजात शिकवलं होतं, परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क होते, पण शिकवताना जी टेबलं होती त्यात प्रत्येकाला एकच पत्ता होता. तेव्हापासून जोडायच्या आधी ओळी मोजायच्या, जोडल्यावर मोजायच्या, नि शेवटचा आकडा दुसऱ्या कुठल्या तरी माहीत असलेल्या आकड्याशी ताडून बघायचा, ही सवय लागली ती आजतागायत आहे. साहेबांनी मला काढलं नाही, फक्त दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

मग तू म्हणशील हे कॉलेजवाले का नाही शिकवत. थोडं शिकवू शकतात, मळक्या फाइली द्यायला काय जातंय, पण सगळं नाही शिकवू शकत, आणि हे काही आजचं नाही. मायकेल पोलान्यी नावाचा विचारवंत होता, आधी केमिस्ट होता तो, त्याने १९६० च्या दशकात ह्यावर बरंच लिहिलं की माणसाला जे येत असतं त्यातलं पुष्कळसं त्याला शब्दांत सांगताच येत नाही. सायकल चालवणाऱ्याला विचार तोल कसा सांभाळतोस, तो काय सांगणार. तसंच जुना-जाणता माणूस रिपोर्ट बघून म्हणतो "हा आकडा काहीतरी गडबड वाटतोय", त्याला विचारलं का, तर त्यालाही पटकन सांगता येत नाही, त्याच्या शेजारी बसून दहा-वीस वेळा बघितलं की मग आपल्यालाही वाटायला लागतं. आता हे शेजारी बसणं पुस्तकात कसं घालणार?

म्हणूनच १९०६ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर ह्या इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांनी २७ मुलांना घेऊन एक प्रयोग केला, काही दिवस वर्गात, काही दिवस कारखान्यात, आलटून पालटून. कॅनडातलं वॉटर्लू विद्यापीठ तर १९५७ मध्ये सुरूच ह्या पद्धतीने झालं. जर्मनीत १९६९ पासून ह्याचा कायदा आहे, तीनशेच्या वर व्यवसाय त्यात येतात, मुलं आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस शाळेत, साधारण दोन ते साडेतीन वर्षं, आणि त्या काळात कंपनी त्यांना पगार देते. हे तुला सांगण्याचं कारण म्हणजे ही जी दरी आहे ती जिथे जिथे बऱ्यापैकी बुजलीय तिथे कंपनीने आपल्या बाजूनेही फावडं हातात घेतलंय. विद्यार्थ्याने घरी बसून एकट्याने अख्खी दरी बुजवावी अशी अपेक्षा ठेवून ती बुजत नसते.

आणि इथे मला कंपन्यांना पण थोडं बोलायचंय, कारण तुला वाटतंय सगळी चूक तुझीच. "फ्रेशर हवा, २ वर्षांचा अनुभव आवश्यक" असल्या जाहिराती तू वाचल्या असशीलच, मी तर असल्या जाहिराती लिहिणाऱ्यांच्या शेजारी बसलेय. त्या यादीत निम्म्या गोष्टी कोणाला तरी आठवल्या म्हणून टाकलेल्या असतात, मागचा माणूस नोकरी सोडून गेला त्याला जे जे यायचं ते सगळं. खोलात जाऊन बघितलं तर भीती वेगळीच असते. गॅरी बेकर ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ मध्येच हे नीट मांडलं होतं, की जे कौशल्य कुठल्याही कंपनीत चालतं ते शिकवायचा खर्च कुठलीच कंपनी आपणहून करायला बघत नाही, कारण शिकवायचं आपण नि शिकून माणूस जाणार शेजारच्याकडे. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने शिकवून तयार केलेला माणूस मिळावा. सगळ्यांनीच असं म्हटल्यावर शिकवणार कोण, तर मग ते ओझं फिरून फिरून येतं तुझ्यावर, नाहीतर बाबांच्या खिशावर.

तुला आलेल्या त्या तीन इंटरव्ह्यूंमधलं सगळ्यात बरं ठिकाण मला ते तिसरंच वाटतं बघ. तुला तिथे वाईट वाटलं म्हणून ते ठिकाण वाईट असं नको समजू. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर ह्या दोघांनी माणसं निवडण्याच्या पद्धतींवरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून बघितलं होतं, त्यात प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं ही पद्धत वरच्या बाजूला होती नि नुसती अनुभवाची वर्षं मोजणं बरंच खाली. नंतर २०२२ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी ते आकडे परत तपासले, बरेच आकडे खाली आले, पण अनुभवाची वर्षं तळाशीच राहिली. म्हणजे ज्या दोघांनी अनुभव नाही म्हणून तुला दारातूनच परत पाठवलं त्यांनी तुझ्याबद्दल काहीच जाणून घेतलं नाही, तिसऱ्याने निदान बघितलं तरी. आणि त्याने "थिअरी छान आहे" असंही म्हटलंय, ते तू पत्रात अर्ध्या वाक्यात उरकलंस. लोक इंटरव्ह्यूत उगाच गोड बोलत नाहीत गं, वेळ नसतो त्यांना.

इतकी वर्षं काय शिकले ह्याचं उत्तर पण त्यातच आहे. छोट्या सॅम्पलवरून मोठं बोलायचं नाही, दोन आकड्यांत फरक दिसला म्हणजे फरक आहेच असं नाही, दोन गोष्टी बरोबर वाढल्या म्हणून एकीमुळे दुसरी वाढली असं नाही, हे तुझ्या अंगात मुरलंय नि तुला त्याची किंमत कळत नाहीये कारण तुझ्या आजूबाजूला वर्गात सगळ्यांना ते यायचं. ऑफिसात जाशील तेव्हा बघशील, मोठ्या पगाराची माणसं ५ कस्टमरशी बोलून अख्ख्या बाजाराबद्दल छातीठोक बोलत असतात.

कोर्सचं बोलू. तू स्टॅटिस्टिक्सवाली ना, मग १०० टक्के ऐकल्यावर तुझ्या मनात पहिला प्रश्न काय यायला हवा? कशाचे १०० टक्के! छेदात कोण आहे? प्रवेश घेतलेले सगळे, की कोर्स पूर्ण केलेले, की त्यांच्या भाषेत "पात्र ठरलेले"? मधेच सोडून गेलेले मोजले का? आणि अंशात काय आहे, ऑफर लेटर, की नुसता इंटरव्ह्यू लावून दिला तरी प्लेसमेंट? कोर्सशी काही संबंध नसलेलं काम मिळालं तर ते धरतात का? सहा महिन्यांनी किती जण तिथे टिकून होते? हे प्रश्न फोनवर नको, लेखी विचार, नि उत्तर पण लेखी माग. जो खरंच चांगला कोर्स असेल तो सांगेल, बाकीचे म्हणतील मॅडम सीट्स भरत आल्यात.

अजून एक विचार, तिथे जो डेटा वापरतात तो एकदा दाखवा म्हणावं. जर तिथेही धुतलेल्या फाइली, ठरलेले प्रश्न नि शेवटी सगळ्या बॅचचा एकच प्रोजेक्ट असेल तर तू जे कॉलेजात केलंस तेच परत विकत घेतेयस. आणि तुझं काम कोण तपासणार, त्यावर वाक्य-वाक्य करून चुका कोण सांगणार, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण व्हिडिओ तर फुकटात ढिगाने पडलेत, पैसे द्यायचे ते तपासणाऱ्याचे. तशी माणसं तिथे असतील, आणि तुझा स्वभाव एकटीने घरी बसून रोज अभ्यास न होण्याचा असेल, तर कर कोर्स, मी कोर्सच्या विरोधात नाही, काहींना ती शिस्त लागते. पण पुढचे तीन महिने मी सांगतेय ते करून बघ नि मग ठरव, बाबांना म्हणावं पैसे आहेत तिथेच राहू देत तोवर.

अनुभव आणायचा कुठून, हा तुझा खरा प्रश्न. मी त्याचा अर्थ असा घेते की असं काम कुठे मिळेल ज्याच्या उत्तरावर दुसरं कोणीतरी अवलंबून आहे. नोकरी हा त्याचा एक प्रकार झाला, एकमेव नाही. तुझ्या ओळखीत कोणीतरी वही नाहीतर एक्सेलमध्ये काहीतरी लिहून ठेवत असेलच, एखादं वाचनालय, एखादी छोटी संस्था, क्लास चालवणारी मावशी, दवाखाना (तिथे मात्र पेशंटची नावं काढून मग), कोणीही. त्यांना जाऊन "डेटा ॲनालिसिस करून देऊ का" असं विचारू नकोस, ते नाही म्हणतील कारण त्यांना कळणारच नाही तू काय म्हणतेयस. विचार की तुम्हाला कुठली गोष्ट वारंवार त्रास देते नि त्याचं नक्की कारण माहीत नाही. मग ऐकून घे. ते जे सांगतील ती तक्रार असेल, तुझ्या त्या इंटरव्ह्यूवाल्यासारखीच, त्याचा प्रश्न करणं तुझं काम. एक पान लिही: मला असं समजलं, मी हे मोजणार, हे मोजणार नाही, बरोबर आहे का? ते त्यांना दाखव. निम्म्या वेळा ते म्हणतील नाही नाही असं नव्हतं म्हणायचं, आणि त्या "नाही नाही" मध्ये जे शिकशील ना ते मी इथे लिहून सांगू शकत नाही.

मग फाइल साफ कर नि काय काय साफ केलं त्याची वहीत नोंद ठेव, ओळी आधी किती, नंतर किती, कुठल्या काढल्या नि का. हे काम कंटाळवाणं आहे, आधीच सांगते, ह्यात तुझा निम्म्याहून जास्त वेळ जाणार आणि कोणी कौतुक करणार नाही. शेवटी जे उत्तर येईल ते बऱ्याचदा साधी सरासरी नाहीतर नुसती मोजणी असेल, रिग्रेशन वगैरे लागणारच नाही. चालेल. उत्तर साधं आहे म्हणून त्याला अवघड टेस्टचे कपडे घालू नकोस, तुझ्या फाइलमध्ये तू तेच केलंस असं मला वाटतं, भीतीपोटी.

असं कोणीच मिळालं नाही तर दुसरा रस्ता आहे आणि तो मला जास्तच आवडतो. छापून आलेला एखादा आकडा घे ज्याचा मूळ डेटा उघड उपलब्ध आहे, आणि तोच आकडा स्वतः काढून बघ, जुळतो का. थॉमस हर्न्डनचं नाव ऐकलंयस? मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला विद्यार्थी, कोर्सच्या असाइनमेंटमध्ये काम काय होतं तर एखाद्या गाजलेल्या पेपरमधले आकडे परत काढून दाखवा. त्याने राइनहार्ट आणि रोगॉफ ह्या दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांचा २०१० चा सरकारी कर्जावरचा पेपर घेतला, ज्याचा हवाला देऊन तेव्हा मोठे मोठे राजकारणी खर्चकपातीबद्दल बोलत होते. आकडे काही जुळेनात. आधी त्याच्या शिक्षकांना वाटलं हाच कुठेतरी चुकतोय. शेवटी लेखकांकडून मूळ एक्सेल मागवली तेव्हा दिसलं की सरासरीच्या फॉर्म्युल्यात पाच देशांच्या ओळी घ्यायच्याच राहिल्यात. आणखी पण आक्षेप होते, आणि बाकीच्या मुद्द्यांवर लेखकांनी आपली बाजू मांडली, पण फॉर्म्युल्यातली चूक त्यांनी मान्य केली. २०१३ ची गोष्ट. त्या मुलाकडे कुठलं भारी सॉफ्टवेअर नव्हतं, आकडा जुळत नाही म्हटल्यावर तो "माझंच चुकलं असेल" म्हणून सोडून न देता ओळीपर्यंत गेला एवढंच. तुला असली मोठी चूक सापडायची गरज नाही, आकडा जुळला तरी ते लिहिण्यासारखं असतं, नाही जुळला तर का ते शोधताना जी दमछाक होईल त्यालाच लोक अनुभव म्हणतात.

टूल्सचं एका परिच्छेदात उरकते. स्प्रेडशीट नीट, म्हणजे पिव्होट (गटवार बेरजा काढणं) आणि लुकअप (दुसऱ्या यादीतून माहिती शोधून आणणं) डोळे मिटून. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, जॉइन नि ग्रुपिंगपर्यंत, त्यात रिकाम्या म्हणजे नल व्हॅल्यूचं वागणं जरूर बघ, तिथे सगळे पडतात. पायथन किंवा आर ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषांतलं जे कॉलेजात झालंय तेच पुढे ने. बस. सर्टिफिकेटांची माळ गळ्यात घालून फिरणारे रेझ्युमे मी शेकड्याने बघितलेत नि एकदाही एका सर्टिफिकेटमुळे कोणाला बोलावलं नाही. आता एआय कोड लिहून देतं मग हे शिकायचंच कशाला असंही विचारशील, लिहून देतं, चांगलं देतं, पण माझ्या त्या दोन पत्त्यांच्या भानगडीत ते दोनदा मोजलेली बेरीज तितक्याच आत्मविश्वासाने देऊ शकतं, आणि मीटिंगमधून लालबुंद होऊन परत येणारे साहेब तुझ्याच टेबलापाशी येणार.

एक गोष्ट राहिलीच, विचारणं. त्या २ तासांत तू त्यांना एक तरी प्रश्न विचारलास का? पत्रात नाहीये म्हणजे नसावा. परीक्षेची सवय, पेपर हातात आला की तोंड बंद, शेजारी बघायचं नाही. कामाच्या ठिकाणी गप्प बसलेला नवीन माणूस बघितला की मला धडकी भरते, कारण तो दोन दिवसांनी भलतंच काहीतरी करून आणणार. विचारायची पण एक पद्धत असते, नुसतं "कळलं नाही" म्हटलं तर समोरचा वैतागतो, "मला तारखा दोन प्रकारच्या दिसतायत, मी दिवस आधी धरून चाललेय, बरोबर आहे ना?" म्हटलं की त्याला एका शब्दात उत्तर देता येतं नि तुझं डोकं कुठे चाललंय तेही दिसतं. अडकलीस तर अर्धा तास स्वतः झगड, मग विचार, आणि काय काय करून बघितलं ते आधी सांग. हे मी माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगते आणि तरी पहिले दोन महिने कोणी विचारत नाही, असो.

रेझ्युमेत "मेहनती, टीम प्लेअर, एक्सेलचं ज्ञान" हे सगळं काढून टाक. त्याऐवजी केलेलं एक काम तीन ओळींत लिही, कोणाचा काय प्रश्न होता, तू काय केलंस, त्यांनी त्याचं पुढे काय केलं. तिसरी ओळ नसेल तर तसंच राहू दे, खोटं घालू नकोस, इंटरव्ह्यूत दोन प्रश्नांत उघडं पडतं. आणि ४० अनोळखी ठिकाणी अर्ज टाकण्यापेक्षा लांबच्या ओळखीतल्या माणसांना सांग काय शोधतेयस ते, कॉलेजची सीनिअर, बाबांचे जुने सहकारी, अशी. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर ह्यांनी १९७० च्या दशकात हेच दाखवून दिलं होतं की नोकरीची बातमी बऱ्याचदा जवळच्यांपेक्षा अधूनमधून भेटणाऱ्या माणसांकडून येते, कारण जवळच्यांना जे माहीत असतं ते तुलाही माहीत असतंच.

ह्या आठवड्यापुरतं सांगते. ती ६,००० ओळींची फाइल तुझ्याकडे अजून आहे का? असेल तर कुठे नेटवर वगैरे टाकू नकोस, ती त्यांची आहे. घरी शांतपणे उघड, घड्याळ लावू नकोस. आधी ओळी मोज. एकाच कस्टमरचे दोन नंबर आहेत का बघ. तारखा सरळ कर. जुना म्हणजे कोण ते स्वतःच्या शब्दांत लिही. टेस्ट शेवटी, लागलीच तर. मग त्या इंटरव्ह्यू घेणाऱ्याला एक छोटी मेल कर, की त्या दिवशी माझं कुठे चुकलं ते मी नंतर बसून बघितलं, तारखांमध्ये हे होतं, त्यामुळे माझं रिग्रेशन चुकीचं होतं, आता मला असं दिसतंय, नि अमुक एक गोष्ट कळायला मला तुमच्याकडून ही माहिती लागेल. फाइल नसेल तर जेवढं आठवतंय तेवढ्यावर लिही. नोकरी मागू नकोस त्यात. उत्तर येईलच असं नाही, मला स्वतःला अशी मेल आजवर दोनदाच आलीय, त्यातल्या एकीला मी लगेच फोन केला होता नि दुसऱ्याला करायचं राहून गेलं, त्याचं अजून वाईट वाटतं.

मेल पाठवायच्या आधी मला पाठव हवं तर, बघून देते.

— ताई